फोटोशॉप नव्हतं तेव्हाची भुतं

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या काळच्या कित्येक फोटोंत भूत दिसतं असं सांगतात. इंग्लंडमधल्या एका वाड्याच्या जिन्यावरून उतरणारी बाई, लायब्ररीतल्या खुर्चीत बसलेला मेलेला लॉर्ड, वगैरे. त्या काळी फोटोशॉप नव्हतं, मग हे फोटो बनावट कसे असतील? जोडीला विचारणाऱ्याच्या घरचाही एक प्रश्न आहे. पणजोबांच्या वेळच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेच्या टोकाला एक बाई अर्धवट, आरपार दिसते. ती कोण, हे घरात कुणालाच सांगता येत नाही आणि त्यावरून आता दोन तट पडलेत.

जुन्या काचेच्या निगेटिव्ह आणि प्रिंट जतन करणं, दुरुस्त करणं हे माझं काम. असे फोटो हाताखालून सतत जातात. त्यामुळे घरच्या फोटोचं आधीच सांगून टाकतो: ती बाई बहुधा खरी होती, जिवंत होती, आणि फोटो घेऊन व्हायच्या आत तिथून सरकली. किंवा उशिरा येऊन उभी राहिली. फोटो न पाहता हे कशाच्या जोरावर म्हणतो, ते समजायला जरा लांबून यावं लागेल.

फोटो म्हणजे एक गोठवलेला क्षण, ही समजूत आधी बाजूला ठेवा. प्लेटवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या रसायन लावलेल्या पत्र्यावर किंवा काचेवर, प्रकाश पडला एवढंच तिला कळतं. तो कधी पडला, सलग पडला की तुकड्यातुकड्यांनी, एकदा पडला की दोनदा, याची नोंद तिच्यात कुठेच नसते. कोरी प्लेट तयार झाल्यापासून ती रसायनात धुतली जाईपर्यंत जो जो प्रकाश तिच्यावर सांडला, त्या सगळ्याची बेरीज होऊन एकच चित्र उमटतं. आपण मात्र ते एका क्षणाचं समजून वाचतो. जुन्या फोटोंतल्या बहुतेक भुतांचा मुक्काम या एका गैरसमजात आहे.

१८३८ साली लुई दागेरने पॅरिसमधल्या बुलवार द्यू टॉंप्ल या रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता वर्दळीचा, पण फोटोत तो ओस पडलेला दिसतो. एक्स्पोजर, म्हणजे प्लेटवर प्रकाश पडू देण्याचा वेळ, काही मिनिटांचं होतं, त्यामुळे चालती माणसं आणि गाड्या यांपैकी कुणीच एका जागी पुरेसा वेळ थांबलं नाही आणि सगळे पुसले गेले. कोपऱ्यात एक माणूस बूट पॉलिश करून घ्यायला पाय पुढे करून उभा होता, तो तेवढा उमटला. म्हणजे फोटोग्राफीच्या अगदी आरंभीच जिवंत माणसं गायब झाली होती. जो पूर्ण वेळ थांबला तो ठसठशीत, जो थांबलाच नाही तो नाहीसा, हे एकदा पटलं की मधल्याचं काय होणार हे सांगायला नको. जो निम्मा वेळ थांबला तो आरपार.

हे लक्षात यायला फार वर्षं लागली नाहीत. स्कॉटिश शास्त्रज्ञ सर डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८५६ साली स्टिरिओस्कोपवरच्या (दोन चित्रं एकत्र बघून खोली दाखवणारं यंत्र) पुस्तकात भूत तयार करण्याची कृतीच लिहून ठेवली: एक्स्पोजर चालू असताना पांढऱ्या कपड्यातल्या माणसाने चित्रात यावं, काही सेकंद थांबावं आणि झटकन बाजूला व्हावं. लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनीने अशी कार्डं करून करमणूक म्हणून विकली. विकत घेणाऱ्यांना ती गंमत आहे हे माहीत होतं. भुताचे फोटो आधी खेळणं म्हणून बाजारात आले आणि पुरावा म्हणून नंतर मिरवू लागले. हा क्रम सहसा कुणी सांगत नाही.

आणि फोटोशॉपचं म्हणाल, तर ऑस्कर रेयलँडरने १८५७ साली तीसेक वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून एकच मोठं चित्र केलं होतं. निसर्गचित्रं घेणारे तर हे सर्रास करत. तेव्हाच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला इतक्या संवेदनशील असत की आकाश पांढरंफटक यायचं, म्हणून ढगांची वेगळी निगेटिव्ह ठेवून ती प्रिंट काढताना वर छापायची. एकच ढग वेगवेगळ्या गावांवर तरंगताना दिसतो तो यामुळेच! निगेटिव्हवर पेन्सिलीने सुरकुत्या घालवणं, नको असलेलं खरवडून काढणं, कात्रीने माणूस कापून चिकटवणं आणि त्याचा पुन्हा फोटो घेणं, हे सगळं स्टुडिओतलं रोजचं काम होतं. सॉफ्टवेअर नव्हतं, पण हात सराईत होते.

आता त्या लॉर्डकडे येऊ, कारण ते उदाहरण माझ्या मते सगळ्यांत शिकण्यासारखं आहे. डिसेंबर १८९१. चेशायरमधल्या कॉम्बरमिअर ॲबी या वाड्याच्या लायब्ररीचा फोटो सिबेल कॉर्बेट या बाईंनी घेतला. वाड्याचे मालक लॉर्ड कॉम्बरमिअर लंडनमध्ये घोडागाडीच्या अपघातात गेले होते आणि फोटो घेतला त्याच सुमारास त्यांचं दफन चाललं होतं. प्लेट धुतल्यावर डावीकडच्या उंच पाठीच्या कोरीव खुर्चीत एक म्हातारा दिसला. डोकं, कॉलर आणि हात कळतो. खाली पाय नाहीत. गोष्ट सांगणारे इथे थांबतात. एक्स्पोजर जवळपास तासाभराचं होतं, हे ते सांगत नाहीत किंवा घाईत उरकतात.

तासभर! खोलीत उजेड कमी, लेन्सचं छिद्र बारीक, म्हणून तेवढा वेळ. रिकाम्या खोलीचा फोटो तासभर चालू असेल तर कॅमेऱ्यापाशी कोण बसून राहतं? घरातला एखादा माणूस आत आला, खुर्चीत काही मिनिटं टेकला आणि उठून गेला, तर बरोबर हेच चित्र मिळेल. स्टँडवर कॅमेरा ठेवून कुणीही हे घरी करून पाहू शकतं.

मग पाय का नाहीत? कुणी म्हणतं त्याने पाय हलवले असतील. शक्य आहे, पण त्याहून सोपं कारण समोरच आहे. प्रकाशाची बेरीज होते हे वर म्हटलं. चेहरा, पांढरी कॉलर, हात यांच्यावरून भरपूर प्रकाश परततो, त्यामुळे थोड्या मिनिटांतही ते प्लेटवर आपली भर घालतात. काळ्या विजारीवरून जवळपास काहीच येत नाही, मग ती पाच मिनिटं असली काय, नसली काय, खुर्चीचं चित्र तसंच राहतं. जुन्या फोटोंतली भुतं डोकं, हात आणि पांढरे कपडे एवढ्यावरच का भागवतात, त्याची गोम इथे आहे.

याचीच दुसरी बाजू तपासणीत फार उपयोगी पडते. एका प्लेटवर दोन फोटो पडले, तर दुसरा फोटो पहिल्यात उजेड वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. म्हणून दुहेरी एक्स्पोजरमधलं भूत नेहमी गडद भागावर उठून दिसतं आणि पांढऱ्या भिंतीवर विरघळतं. याउलट कुणी उजळ खिडकीसमोर काळपट, आरपार सावली दाखवत असेल, तर ते साधं दुहेरी एक्स्पोजर नव्हे. तिथे बहुधा गडद कपड्यातला माणूस थोडा वेळ उभा राहून मागचा उजेड अडवून गेलेला असतो. नाहीतर प्रिंटवर कुणीतरी हात चालवलेला असतो.

व्यवसाय म्हणून भुतांचे फोटो काढणं सुरू झालं ते अमेरिकेत. विल्यम मम्लर हा बॉस्टनमधला दागिन्यांवर नक्षी कोरणारा माणूस. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने स्वतःचा फोटो घेतला आणि त्यात शेजारी एक मुलगी उमटली. ही माझी मेलेली चुलतबहीण, असं तो म्हणाला. जुन्या प्लेटा हाताळणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. १८५१ साली आलेली ओल्या कोलोडियनची पद्धत तेव्हा सर्वत्र होती. काचेवर चिकट थर ओतायचा, तो चांदीच्या क्षारात बुडवायचा, ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. काच महाग, म्हणून नको असलेला फोटो खरवडून तीच काच पुन्हा वापरत. ती नीट घासली नाही तर आधीच्या माणसाची फिकट छाया नव्या फोटोत वर येते. त्या काळचे फोटोग्राफर या त्रासाला वैतागलेले होते. मम्लरला त्यात धंदा दिसला.

अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, घरोघरी कुणी ना कुणी गेलेलं होतं. मम्लर एका बैठकीचे १० डॉलर घ्यायचा, साध्या फोटोच्या मानाने ती बरीच मोठी रक्कम होती. बॉस्टनमध्ये त्याची काही 'भुतं' गावातच हिंडताना सापडली, तेव्हा त्याने न्यूयॉर्क गाठलं. तिथे १८६९ साली खटला उभा राहिला. सर्कस आणि संग्रहालयवाला पी. टी. बार्नम सरकारी बाजूने साक्षीला आला. त्याने एब्राहम बोगार्डस या फोटोग्राफरकडून आपल्यामागे लिंकन उभा असलेला फोटो मुद्दाम करून घेतला होता, तो त्याने कोर्टात दाखवला. इतर फोटोग्राफरांनी भूत करण्याच्या अनेक पद्धती सांगितल्या. आणि इथेच सरकार पक्ष अडकला. पद्धती इतक्या होत्या की मम्लरने त्यांतली नेमकी कोणती वापरली हे सिद्ध करता येईना. फसवणूक झाली असं मला वाटतं, पण ती सिद्ध झालेली नाही, अशा अर्थाचं बोलून न्यायाधीशांनी त्याला सोडलं. पुढे १८७२ च्या सुमारास लिंकनच्या विधवेचा फोटोही त्याने घेतला. मागे उभ्या लिंकनचे हात तिच्या खांद्यांवर आहेत. मम्लरच्या फोटोंत आज सगळ्यांत जास्त फिरतो तो हाच.

त्या खटल्यातली गोष्ट आजही होते. "हे कसं केलं ते नेमकं सांगा, नाहीतर भूत मान्य करा," असा आग्रह लोक धरतात. दहा मार्गांनी होऊ शकणाऱ्या गोष्टीचा नेमका मार्ग दीडशे वर्षांनी एका पुसट प्रिंटवरून सांगता आला नाही, तर त्याने अकरावा मार्ग सिद्ध होत नाही.

भुतांचे फोटो काढणाऱ्या पॅरिसच्या एदुआर ब्युगेचं प्रकरण तर याहून बोलकं आहे. १८७५ साली पोलिसांनी त्याच्या स्टुडिओवर छापा घातला, तेव्हा बाहुल्या आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेले चेहरे सापडले. त्याने कोर्टात सरळ कबुली दिली. एक वर्ष कैद आणि ५०० फ्रँक दंड झाला. एवढं पितळ उघडं पडल्यावर गिऱ्हाइकांनी काय करावं? त्यांतले काही साक्षीदार उभे राहून म्हणाले, असेना का, पण माझ्या फोटोतली ती माझीच बायको आहे. पुठ्ठ्यावरचा तोच चेहरा कुणाची आई ठरला होता, कुणाची बहीण. इंग्लंडमधला स्टेंटन मोझेस हा स्वतः परलोकविद्येचा, म्हणजे मेलेल्यांशी संपर्क होतो या मताचा, कट्टर पुरस्कर्ता, पण त्यानेही त्या सुमारास वैतागून लिहिलं की काही लोकांना झाडू आणि चादर दाखवली तरी त्यात आजी दिसते. मला यात हसण्यासारखं कमी वाटतं. दुःखातला माणूस चेहरा शोधत असतो, आणि पुसट चित्र त्याला हवं ते भरायला जागा देतं. चित्र मुद्दाम पुसट ठेवणं हेच यातलं खरं कसब होतं. ठळक भूत ओळखू येतं आणि पकडलंही जातं.

पकडण्याचा सर्वांत सुबक सापळा विल्यम होपसाठी लावला गेला. इंग्लंडमधल्या क्रू गावचा हा भुतांचे फोटो काढणारा माणूस पहिल्या महायुद्धानंतर फार गाजला. १९२२ साली अशा प्रकारांचा तपास करणाऱ्या हॅरी प्राइसने इंपीरियल ड्राय प्लेट कंपनीकडून प्लेटा घेतल्या आणि त्यांच्यावर क्ष-किरणांनी कंपनीचं सिंहाचं चिन्ह आधीच उमटवून ठेवलं. कोऱ्या प्लेटवर ते दिसत नाही, धुतल्यावर मात्र हमखास वर येतं. होपने फोटो घेतले, एकावर भूतही आलं, पण सिंह कुठेच नव्हता. म्हणजे धुतलेल्या प्लेटा प्राइसने आणलेल्या नव्हत्याच, त्या मध्ये कुठेतरी बदलल्या होत्या. एवढं होऊनही शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉयल होपच्या बाजूने उभा राहिला आणि त्याच वर्षी या फोटोंचं समर्थन करणारं पुस्तक लिहिलं. दोन वर्षांनी एडा डीन या बाईंनी लंडनमध्ये युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनाच्या फोटोत मेलेल्या सैनिकांचे चेहरे ढगासारखे उमटवून दाखवले. 'डेली स्केच' या वृत्तपत्राने त्यांतले काही चेहरे हयात फुटबॉलपटूंचे आणि एका मुष्टियोद्ध्याचे असल्याचं दाखवून दिलं.

ही झाली लबाडी. पण माझ्याकडे येणाऱ्या घरगुती फोटोंत लबाडी क्वचित असते. १९०० साली एक डॉलरला ब्राउनी कॅमेरा आला आणि घराघरांत रिळं भरली जाऊ लागली. त्या डबा कॅमेऱ्यांत रीळ हाताने फिरवायचं, मागच्या लाल खिडकीतून आकडा बघायचा. फिरवायला विसरलं तर त्याच जागी दुसरा फोटो पडायचा, कॅमेरा अडवत नसे. अशा फोटोंतली भुतं ओळखायला सोपी, कारण ती एकटी येत नाहीत. सोबत आपली खिडकी, आपलं झाड, आपलं क्षितिज घेऊन येतात. आजीच्या छातीतून कुंपण जात असेल, तर ते कुंपण आधी शोधा. त्याच रिळावरच्या शेजारच्या फोटोत ते बहुतेक वेळा सापडतं.

काळ्या पार्श्वभूमीवर एकटं माणूस घेऊन मुद्दाम केलेलं काम असेल तर हा माग मिळत नाही. तेव्हा उजेडाची दिशा बघावी लागते: भुताच्या नाकाची सावली डावीकडे आणि बाकीच्यांची उजवीकडे, असं फार वेळा निघतं.

जिन्यावरच्या बाईचं आता. १९ सप्टेंबर १९३६, नॉरफोकमधला रेनहॅम हॉल. कॅप्टन प्रोव्हँड आणि इंद्रे शिरा हे दोघे घराचे फोटो घेत होते. शिराच्या सांगण्यानुसार त्याला जिन्यावर धूसर आकृती उतरताना दिसली, तो ओरडला, काळ्या कापडाखाली असलेल्या प्रोव्हँडने लेन्सचं झाकण काढलं आणि शिराने फ्लॅश उडवला. 'कंट्री लाइफ' या साप्ताहिकाने २६ डिसेंबरच्या अंकात तो फोटो छापला. हा फोटो मोठा करून पायऱ्यांकडे नीट बघा, बाईकडे नको. प्रत्येक पायरीच्या कडेवर एक फिकट दुसरी रेघ आहे. उजव्या कठड्याच्या वर उजेडाचा एक ठिपका आहे, तो दोनदा दिसतो. याचा अर्थ त्या निगेटिव्हमध्ये जिना दोनदा पडलाय, आणि दोन्ही वेळा कॅमेरा अगदी त्याच जागी नव्हता. भूत जिन्यावरून उतरलं असेल, पण जिन्याला हलायचं कारण नव्हतं. हे दोघांनी ठरवून केलं की कॅमेरा हलला, दोन वेळा उजेड पडला आणि बाकीचं कल्पनेने भरलं, यावर वाद घालत बसायची मला गरज वाटत नाही.

याहून मला ग्रिनिचच्या क्वीन्स हाउसमधल्या ट्यूलिप जिन्याचा फोटो आवडतो. १९६६ साली कॅनडाहून आलेल्या एका निवृत्त पाद्रीबुवांनी तो घेतला. कठडा धरून वर जाणारी बुरख्यासारखी आकृती त्यात दिसते. निगेटिव्ह कोडॅकच्या माणसांनी पाहिली आणि छेडछाड नाही असं सांगितलं. हे वाक्य तेव्हापासून भुताचं प्रमाणपत्र म्हणून फिरतंय. त्या वाक्याचा अर्थ इतकाच की निगेटिव्हमध्ये दिसतं ते कॅमेऱ्यासमोर होतं. एक्स्पोजर चारेक ते सहा सेकंदांचं होतं. तेवढ्या वेळात कठडा धरून कुणी लगबगीने वर गेलं, तर ते असंच दिसणार: जिथे क्षणभर टेकला तिथे हात स्पष्ट, बाकी सगळं फरफटलेलं. पाद्रीबुवा खोटं बोलत नव्हते, कोडॅकही खोटं बोलत नव्हतं, आणि तरीही भुताचा संबंध नव्हता. प्रामाणिक माणसाने काढलेला फोटो खराच असतो, पण त्यात काय आहे हे त्या माणसाला माहीत असतंच असं नाही.

काही वेळा मात्र उत्तर वर्षानुवर्षं मिळत नाही आणि मग एकदम मिळतं. १९९५ साली इंग्लंडमधल्या वेम गावच्या टाउन हॉलला आग लागली, तिच्या ज्वाळांत टोपी घातलेली मुलगी उभी असलेला एक फोटो गाजला. २०१० मध्ये स्थानिक वृत्तपत्रात १९२२ सालचं त्याच गावाचं एक जुनं पोस्टकार्ड छापून आलं. त्यात रस्त्याच्या कडेला तीच मुलगी उभी होती, तीच टोपी, तोच झगा. एका वाचकाच्या नजरेने ती टिपली. पंधरा वर्षं तज्ज्ञ निगेटिव्हवर खल करत होते आणि उत्तर एका पोस्टकार्डावर होतं.

एक वेगळा वैताग इथेच ओकतो. "व्हिक्टोरियन काळात मेलेल्यांना उभं करून फोटो काढत" म्हणून जे फोटो फिरतात, त्यांतले पुष्कळसे जिवंत माणसांचे आहेत. पायांमागे दिसणारा लोखंडी स्टँड जिवंत माणसाची मान काही सेकंद स्थिर राहावी म्हणून असे. प्रेताचं वजन तो पेलणार नाही. डोळे पांढरे दिसतात कारण कोलोडियनच्या प्लेटवर निळे डोळे फिकट येत, त्यात पापणी हलली की संपलंच. आणि तान्ह्या मुलामागे कापडाने झाकलेली भयानक आकृती असते ना, ती त्याची आई. मूल हलू नये म्हणून तिने त्याला धरलंय, आणि फोटोत आपण येऊ नये म्हणून अंगावर पडदा घेतलाय. मेलेल्यांचे फोटो त्या काळी घेत असत हे खरं, पण ते बहुतेक निजलेल्या अवस्थेत आणि उघडपणे घेत.

कॅमेऱ्याशी काहीही संबंध नसलेलीही भुतं असतात. प्लॅटिनम प्रिंट नावाचा एक प्रकार होता. ती अल्बममध्ये वर्षानुवर्षं दाबून राहिली तर समोरच्या कागदावर तिची फिकट पिवळट छबी उमटते. मूळ चित्राइतकीच मोठी, आरशातल्यासारखी उलटी. कोऱ्या पानावर चेहरा आला म्हणून घाबरलेली माणसं पाहिलीत मी. अल्बम मिटून दाखवला की खेळ संपतो. हायपो, म्हणजे चित्र पक्कं करायचं रसायन, नीट धुतला गेला नाही तर पिवळे-तपकिरी डाग पडतात, चांदी पृष्ठभागावर येऊन काळ्या भागात निळसर चकाकी धरते, प्रिंट काचेला चिकटून तिथे चमकदार चकते उठतात. त्या डागांना डोळे आणि तोंड द्यायचं काम आपला मेंदू करतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आणि डागापाठी चेहरा.

आता घरचा ग्रुप फोटो. त्या काळचा फोटोग्राफर स्टँडवर मोठा कॅमेरा लावायचा, पुढची-मागची रांग दोन्ही स्पष्ट यावी म्हणून छिद्र बारीक करायचा, झाकण काढून मनात आकडे मोजायचा आणि झाकण परत लावायचा. तेवढ्यात मागच्या टोकाची बाई आत-बाहेर होणं अगदी सहज घडतं. मूल रडलं असेल, कुणी हाक मारली असेल.

हे ताडून बघायचं तर तिच्या शेजारच्या माणसाचा खांदा जिथे तिच्या अंगावर येतो ती कड भिंगाखाली बघा. ती थोडाच वेळ उभी होती असेल, तर शेजाऱ्याने झाकलेला तिचा भाग पूर्ण झाकलेलाच राहील, कारण तो माणूस सगळा वेळ तिच्यासमोर होता. तिच्यातून भिंत दिसेल, पण शेजाऱ्याच्या कोटावर तिच्या लुगड्याचा काठ दिसणार नाही. तो काठ कोटावरही दिसत असेल, तर ती दुसऱ्या वेळी, दुसऱ्या एक्स्पोजरमध्ये आली आहे. मग तिच्यासोबत आणखी काय आलंय ते शोधा: एखादी खुर्चीची पाठ, पडद्याची घडी. चेहऱ्यावरचा उजेड बाकीच्यांसारखाच आहे का, तिची उंची शेजाऱ्यांच्या मानाने बरोबर आहे का, हेही त्याच बैठकीत कळेल. एक शक्यता अजून धरून ठेवा. फोटोनंतर घरातली एखादी व्यक्ती मुद्दाम जोडून घेतलेली असू शकते, किंवा खरवडून काढताना अर्धी राहिलेली. तसं असेल तर कागद तिरप्या उजेडात धरल्यावर तिथला पृष्ठभाग वेगळा दिसतो: पेन्सिलीची चमक, ब्रशचे फटकारे, किंचित खरवडल्याचा खडबडीतपणा.

मोबाइलने काढलेल्या फोटोवरून हे करू नका. मोबाइल स्वतःच अनेक फ्रेम जोडतो, चेहरे गुळगुळीत करतो, आणि तुम्हाला जे तपासायचं तेच पुसून टाकतो. स्कॅनरवर किमान १२०० डीपीआयने, कुठलीही सुधारणा न लावता, मागची बाजूसुद्धा स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक मागे असतो. प्रिंट फ्रेमच्या काचेला चिकटली असेल तर ओढून काढू नका, काचेसकटच स्कॅन करा. ओल्या फडक्याने पुसू नका. आणि घरात कुठे लाकडी खाचांच्या पेटीत काचा सापडल्या तर आधी त्या उजेडात धरून बघा, पण कडांना धरून, मधे बोट न लावता. त्यांत हा ग्रुप दुसऱ्यांदा घेतलेला निघायची बरीच शक्यता असते, कारण पहिल्या वेळी कुणी हललं तर फोटोग्राफर लगेच दुसरी प्लेट लावत असे.